आधी कपडे ठरवायचे की आधी पिस्तूल?

मळखाऊ (धागाकर्ता)

शस्त्र लपवून बाळगण्याचा रीतसर परवाना ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हा धागा. माझं म्हणणं असं आहे: एरवी जे कपडे घालता ते आधी, आणि त्यांत जे पिस्तूल सहज झाकलं जाईल ते नंतर. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आवडीचं पिस्तूल घेतात आणि ते झाकायला दोन मापं मोठा शर्ट, उकाड्यात जॅकेट किंवा खिसेच खिसे असलेली पँट चढवतात. पिस्तूल झाकलं जातं, माणूस उघडा पडतो.

छायाचित्रकार घालतात तसलं बिनबाह्यांचं जॅकेट अमेरिकेत या कामासाठी इतकं वापरलं गेलं की ‘आधी मला गोळी घाला’ हेच त्याचं नाव पडलं. ५.११ पँटचंही तसंच. ती मुळात गिर्यारोहकांसाठी बेतलेली. नावसुद्धा कातळचढाईच्या काठिण्यश्रेणीतून आलेलं. एफबीआयच्या अकादमीत ती रुळली, पोलिसांत पसरली, आणि आता मागचे तिरके खिसे दिसले की जाणकाराची नजर आपसूक कमरेकडे जाते. शस्त्रकंपनीचं चिन्ह असलेली टोपी, वाळूच्या रंगाचे बूट, पट्ट्याच पट्ट्या शिवलेली सॅक, खिशाबाहेर डोकावणारी सुरीची क्लिप यांतली एखादी गोष्ट खपून जाते. तीन एकत्र आल्या की पाटी लावल्यासारखं होतं.

उपाय पिस्तुलाच्या निवडीत आहे. ग्लॉक १९ ची जाडी ३४ मिमी आणि भरलेलं वजन साधारण ८५५ ग्रॅम. ग्लॉक ४३ ची जाडी २७ मिमी आणि वजन पावणेसातशे ग्रॅमच्याही आत. अंगाबाहेर आलेले हे ७ मिमी शर्टातून स्पष्ट कळतात. ‘बारीक पिस्तुलात गोळ्या कमी’ ही सबबही २०१८ मध्ये सिग पी३६५ आल्यापासून उरलेली नाही. जवळपास तेवढ्याच जाडीत त्याचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) १० गोळ्यांचं आहे.

नेमधरी

साफ असहमत. लहान पिस्तूल झाकायला सोपं, चालवायला अवघड. मूठ आखूड असली की करंगळी खाली लोंबते, वजन कमी असलं की धक्का हाताला जास्त बसतो, आणि पुढच्या-मागच्या माशीतलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर कमी झालं की नेम धरताना झालेली बारीकशी चूकसुद्धा लक्ष्यावर मोठी होते. ज्यावर हात बसत नाही ते पिस्तूल निव्वळ झाकलं जातं म्हणून घेणं मला पटत नाही.

दुसरं म्हणजे कपड्यावर ठसा उठतो तो मुठीचा, नळीचा नाही. नळी पँटच्या आत उभी असते, तिच्या लांबीने झाकण्यात फरक पडत नाही. उलट आखूड नळीचं पिस्तूल जास्त त्रास देतं. पट्ट्याच्या वर मूठ आणि मॅगझिनचं वजन, खाली आधाराला काहीच नाही. मग पट्टा टेकूसारखा काम करतो आणि मूठ बाहेर कलंडते. होल्स्टर (पिस्तुलाची म्यान) पट्ट्याखाली लांब असलं तर त्याचं टोक मांडीच्या वर टेकतं आणि मूठ पोटाकडे दाबली जाते. म्हणून पुष्कळ जण आखूड पिस्तुलालाही मुद्दाम लांब होल्स्टर घेतात.

पुढच्या बाजूला, घड्याळाच्या भाषेत १२ ते १ च्या दरम्यान (१२ म्हणजे बेंबीसमोर, ३ म्हणजे उजवी बाजू), बाळगणाऱ्यांसाठी दोन सुटे भाग कामाचे आहेत. पहिला पंजा: ट्रिगरच्या बाजूला स्क्रूने बसणारा प्लॅस्टिकचा उंचवटा. पट्टा त्यावर दाब देतो आणि मूठ अंगाकडे वळते. दुसरी पाचर: होल्स्टरच्या खालच्या, नळीच्या तोंडाकडच्या टोकाला, अंगाच्या बाजूने चिकटवायची फोमची गादी. ती तळ बाहेर ढकलते, म्हणजे वरची मूठ आत येते. पाचर फार वर चिकटवली तर परिणाम उलटा होतो आणि सगळं पिस्तूलच बाहेर येतं. ती टोकाशीच हवी.

हे सगळं पट्टा ताठ असेल तरच. ३८ मिमी रुंदीचा, आतून कडक पट्टी घातलेला. साध्या पट्ट्याला भोकं इंचाइंचावर असतात. एका भोकात पोटाला कळ, पुढच्यात होल्स्टर ढिलं. खटक्याने सरकणारा, बिनभोकांचा पट्टा पाव-पाव इंचाने जुळतो. पँटची कंबर एक ते दोन इंच वाढीव घ्या. एवढा बदल केला की ग्लॉक १९ साध्या टी-शर्टखाली राहतं. यात माणूस कुठे उघडा पडला?

शिवणटीप

दोघंही पिस्तुलाबद्दल बोलताय, कापडाबद्दल कोणीच नाही. ठसा कापडावर उठतो.

शर्टाच्या खालच्या काठाकडे बघा. इन करायच्या शर्टाचा काठ पुढे-मागे लांब आणि बाजूच्या शिवणीपाशी वर चढलेला असतो. तो बाहेर सोडून घातला की ३ वाजताच्या जागी, म्हणजे होल्स्टर असतं बरोबर तिथेच, कापड सगळ्यात कमी. हात वर केला की पट्टा उघडा. सरळ काठाचा शर्ट घ्या आणि तो पट्ट्याखाली किमान एक वीत उतरू द्या. मांडीच्या मध्यापर्यंत पोचला तर मात्र उसना घेतल्यासारखा दिसतो.

खांदे मापातच हवेत. मोठं माप घेणाऱ्यांची चूक इथे होते: खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि ढगळपणा लांबूनही कळतो. जागा छातीत नको, कमरेच्या घेरात हवी. खांद्याच्या मापाचा शर्ट घेऊन बाजूच्या शिवणी कमरेशी थोड्या सोडवून घेतल्या तर दोन्ही साधतं.

कापड: १४० जीएसएमचा (चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाचा) विणलेला टी-शर्ट अंगाला चिकटतो, घामाने तर जास्तच. १८० ते २२० चा टी-शर्ट स्वतःचा आकार धरतो. ताणलं जाणारं कापड टाळा, ते मुठीभोवती बसतं. एकरंगी फिकट शर्टावर मुठीची सावली पडते. बारीक चौकडा किंवा छोटी छपाई ती कड मोडते. कापडावर मोठे आडवे पट्टे नकोत, त्यांची रेघ जिथे वाकते तिथे नजर जाते.

सूट शिवत असाल तर शिंप्यापासून लपवू नका. माप देताना होल्स्टर घाला, पण त्यात प्लॅस्टिकचं नकली पिस्तूल ठेवा. भरलेलं शस्त्र घेऊन मापाला उभं राहायचं नाही. त्या बाजूच्या अस्तराला मजबूत कापडाचा तुकडा लावून घ्या, नाहीतर मुठीवरची खरखरीत जाळी अस्तर खाऊन टाकते.

मळखाऊ

@नेमधरी, पंजा-पाचरीचं सगळं मान्य, पण तुम्ही उभ्या माणसाचं वर्णन केलंत. बसल्यावर काय? १२ वाजता लांब होल्स्टर असेल तर मांडी वर येताच तळ जांघेत रुततो आणि मूठ पोटात. पोट सुटलेल्या माणसाची मूठ पोटच बाहेर ढकलतं, पाचर तिथे थकते. मग तो दर दहा मिनिटांनी पट्टा सावरतो. मागे ४ वाजता नेलं की उभं असताना छान, पण खाली पडलेली वस्तू उचलायला कमरेत वाकलं की मूठ शर्टातून शेपटीसारखी वर येते. गुडघ्यात बसून उचलायची सवय लावावी लागते, आणि होल्स्टर १० ते १५ अंश पुढे कलतं ठेवावं लागतं. दोनशे ग्रॅम कमी असते तर यातलं निम्मं टळलं असतं.

@शिवणटीप, काठाचा मुद्दा लाखमोलाचा.

कडेकडेने

या चर्चेत पट्टा गृहीत धरलेला आहे. स्त्रियांच्या निम्म्या कपड्यांना पट्टा अडकवायला लूपच नसतात. लेगिंग, एकसंध ड्रेस, इलॅस्टिकची कंबर यांवर पंजाला ढकलायला काही मिळतच नाही. शिवाय स्त्रियांच्या पँटची कंबर उंच असते, त्यामुळे ४ वाजताची मूठ थेट बरगड्यांना लागते आणि काढताना कोपर काखेपर्यंत वर न्यावा लागतो.

पोटाभोवतीचा रुंद इलॅस्टिक पट्टा हा मार्ग आहे, पण त्याचा नुसता कापडी कप्पा चालत नाही. कापडातून ट्रिगर दाबला जाऊ शकतो. आत कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर पक्कं बसलेलं हवं. मी म्हणेन की अशा कपड्यांत पर्सही रास्त आहे. स्वतंत्र कप्पा, त्यात कडक होल्स्टर, त्या कप्प्यात दुसरी एकही वस्तू नाही, पट्टा अंगावर तिरका.

सरळहात

पर्सला माझा ठाम विरोध. चोर पहिल्यांदा हात घालतो तो पर्सलाच. ती खुर्चीला अडकवली जाते, ट्रॉलीत ठेवली जाते, लहान मूल त्यात खाऊ शोधतं. कप्पा कितीही चांगला असला तरी पर्स ज्या क्षणी अंगावरून उतरते त्या क्षणी शस्त्र तुमच्या ताब्यात नाही. ड्रेस असेल तर पोटपट्टा नाहीतर त्या दिवशी शस्त्र घरी, कुलपात. शस्त्रबंदी असलेल्या जागेलाही तेच लागू. नीट झाकलं गेलं म्हणजे आत न्यायची मुभा मिळत नाही.

आता मूळ वादावर. कपडे आणि पिस्तूल दोन्ही दुय्यम, हात पहिले. शर्टावर थोडा उंचवटा दिसला तर लोकांना तो फोन वाटतो. पण गाडीतून उतरल्यावर कोपराने कंबर चाचपणं, दारातून जाताना तो कोपर अंगाशी आवळणं, उभं राहिल्यावर शर्ट खाली ओढणं ही खूण जाणकाराला शर्ट न बघता कळते. म्हणून कपड्यांची परीक्षा घरी घ्या, रस्त्यावर नको. पिस्तूल रिकामं करा, चेंबर (नळीमागचा गोळीचा कप्पा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग दोन्ही हात खांद्याच्या उंचीला बाजूला पसरा. आयडीपीए या स्वसंरक्षण-नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत झाकणाऱ्या कपड्याची कसोटी हीच आहे. वरच्या फळीवरचा डबा काढा, बुटाची नाडी बांधा, खुर्चीत बसून उठा, खिडकीकडून येणाऱ्या तिरक्या उजेडात बाजूने आरशात बघा. एवढं करून जे कपडे पास होतात त्यांना पुन्हा हात लावायची गरज पडत नाही.

आणि ज्याबद्दल कोणीच बोललं नाही ते: दोऱ्या. जॅकेटच्या खालच्या काठातली आवळायची नाडी आणि तिच्या टोकाचा प्लॅस्टिकचा मणी. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना तो मणी ट्रिगरच्या कड्यात शिरला की पिस्तूल खाली दाबताच गोळी सुटते. शर्टाचा चुरगळलेला काठही तेच करतो, आणि तोंड मऊ पडून आत दुमडलेलं जुनं चामडी होल्स्टरही. नाड्या कापून टाका. परत ठेवताना मोकळ्या हाताने कापड छातीपर्यंत वर धरा, होल्स्टरच्या तोंडात बघा, बोट ट्रिगरपासून दूर सरळ ठेवा आणि सावकाश आत सरकवा. पुढच्या बाजूला असेल तर कंबर पुढे काढून, म्हणजे नळीचा रोख अंगाबाहेर जातो. अडकल्यासारखं वाटलं तर थांबा, बाहेर काढा, बघा. घाई करायचं कारणच नसतं.

कडेकडेने

खाऊ शोधणाऱ्या मुलाचा मुद्दा मान्य, लहान मुलं सोबत असताना पर्स नकोच. पण ‘त्या दिवशी घरी ठेवा’ हा सल्ला ज्यांना रोजच औपचारिक ड्रेस घालावा लागतो त्यांच्यासाठी ‘कधीच बाळगू नका’ असा होतो. ड्रेसवर पोटपट्टा असेल तर काढायला आख्खा घेर वर उचलावा लागतो. त्यापेक्षा सैल टॉप आणि वेगळी पँट, असा दोन भागांचा पोशाख सुचवा.

नेमधरी

दोन भागांचा पोशाख हेच उत्तर, आणि तिथे माझंच म्हणणं सिद्ध होतं: कपड्यात थोडा बदल करावाच लागतो.

@मळखाऊ, बसण्याचा प्रश्न वजनाचा नाही, जागेचा आहे. होल्स्टर मध्यापासून दोन बोटं बाजूला सरकवा, म्हणजे तळ जांघेच्या घडीत पडतो आणि मांडी त्यावर येत नाही. तरीही रुतलं तर क्लिप एक भोक खाली घेऊन होल्स्टर थोडं वर उचला. मूठ जरा जास्त वर येईल, ती पंजा सांभाळतो. पोट मोठं असेल तर उंच बसणारं होल्स्टर आणि जाड पाचर. तेही जमलं नाही तर ३ वाजता. आणि थंडीत चेन लावलेलं जाड जॅकेट चढवलं की तुमचं लहान पिस्तूलही तितकंच आत अडकतं. तेव्हा आतला शर्ट झाकण धरा, जॅकेटची चेन अर्धी उघडी ठेवा, आणि सराव त्याच जॅकेटात, त्याच हातमोज्यांत करा. जाड हातमोजा ट्रिगरच्या कड्यात मावत नसेल तर हातमोजा बदला.

मळखाऊ

दोन बोटं सरकवली की पंजाचा टेकू बक्कलपासून दूर जातो आणि पट्टा तिथे वळायला लागतो. मग मूठ पुन्हा बाहेर. सडपातळ माणसाच्या बाबतीत तुमचं बरोबर, ३८ इंचाच्या पुढच्या कमरेला नाही. त्या लोकांना मी अजूनही बारीक पिस्तूल, लांब होल्स्टर आणि सरळ काठाचा बारीक चौकड्याचा शर्ट असंच सांगेन. बारीक पिस्तुलाची मूठ हातात बसत नसेल तर मॅगझिनच्या तळाला करंगळीसाठीची वाढीव टोपी मिळते. पण ती लावली की मूठ लांबते आणि ठशाचा प्रश्न तिथून परत सुरू होतो. त्यामुळे टोपीसकट आरशासमोर बघितल्याशिवाय ती कायमची लावू नका.