हेल्मेटांची भिंत, साडेतीनचा सराव आणि 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द

रानमेवा

गेल्या शनिवारी लेकाला घेऊन अटलांटाच्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जाऊन आले. (फुटबॉल म्हणजे अमेरिकी, लांबट चेंडूचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद टळतील.)

आत शिरलं की समोर तीन मजली उंच भिंत, तिच्यावर साडेसातशेहून जास्त कॉलेजांची हेल्मेटं. आपण दारात कॉलेजचं नाव नोंदवायचं, की वर कुठेतरी त्या कॉलेजचं हेल्मेट उजळतं. मी जॉर्जिया टेक लिहिलं, कारण नवऱ्याचं एमएस तिथलं. लेकाने कुठलं तरी चिमुकलं कॉलेज लिहिलं. मग दोघं माना वर करून आपापलं हेल्मेट शोधत उभे. मानेला रग लागली, पण मजा आली.

या हॉलमध्ये नाव लागण्याच्या मानासाठी खेळाडू आणि कोच निवडते नॅशनल फुटबॉल फाउंडेशन. १९४७ची संस्था. ती उभी करणाऱ्यांत जनरल मॅकआर्थर होते आणि लष्करी अकादमीच्या 'आर्मी' संघाचे कोच रेड ब्लेक. पहिली तुकडी १९५१ला निवडली गेली. नियम वाचून बरं वाटलं: खेळाडू एकदा तरी पहिल्या फळीचा ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तमांच्या यादीतला) असला पाहिजे, कॉलेजचा खेळ संपून दहा वर्षं झाली पाहिजेत, आणि नंतर माणूस म्हणून कसा जगला, पदवी घेतली का, हेही बघता येतं. हीच संस्था १९५९पासून अभ्यासातही चमकणाऱ्या खेळाडूंना पुढच्या शिक्षणासाठी पैसे देते. त्यातली सगळ्यात मानाची ती कॅम्पबेल ट्रॉफी. ४ पैकी किमान ३.२ जीपीए (श्रेणींची सरासरी) हवा, मैदानावरही नाव हवं. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेल्या पेटन मॅनिंगला १९९७ला मिळाली, जस्टिन हर्बर्टला २०१९ला.

आपल्या घरांत अजून 'खेळ की अभ्यास' हा वाद जेवणाच्या टेबलावर होतो. माझा लेक दहावीत आहे, शाळेच्या ज्युनियर टीमचा किकर. सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, 'अजून ते आपटाआपटीचं चालूच का?' अशा वेळी एवढी मोठी संस्था दोन्हींचा मान एकत्र करते, वर पैसेही देते, याला कोणाचा विरोध असू शकतो?

मधली_सुट्टी

'कोणाचा विरोध असू शकतो' असं विचारलंत ना? चहा टाकतो.

खोडरबर

माझा आहे. पैशाला नाही, शीर्षकातल्या त्या शब्दाला.

'स्टुडंट-अ‍ॅथलीट' म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द कौतुकातून आलेला नाही, कोर्टाच्या भीतीतून आलाय. १९५३मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या एका जखमी खेळाडूला कामगार मानून भरपाई मंजूर केली. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पोटात गोळा आला. दोन वर्षांनी त्याच राज्यात फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन एका सामन्यात डोक्याला मार लागून गेला. बायकोने भरपाई मागितली. १९५७मध्ये तेच न्यायालय म्हणालं, कॉलेजचा धंदा फुटबॉल नाही, सबब तो नोकर नाही. हा शब्द कसा घडवला आणि सगळ्या नियमांत कसा घुसवला, हे एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवलंय.

तेव्हा रानमेवाताई, 'दोन्हींचा मान' ही नंतरची रंगरंगोटी. आतली भिंत वकिलाने बांधलेली आहे.

आजोबा६२

खोडरबर, शब्द कुठून आला यावरून वस्तू खोटी ठरत नाही. 'हरिजन' की 'दलित' या वादात आम्ही उभं आयुष्य काढलं, आम्हाला शब्दांचं मोल शिकवू नका.

जरा मागे जाऊ. पहिली हाइसमन ट्रॉफी (मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची) १९३५ला मिळाली शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला. १९३६ला एनएफएल या व्यावसायिक लीगचा पहिलावहिला ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडायचे) झाला, त्यातही पहिलं नाव त्याचंच. पण पैशांचं जमलं नाही, आणि तो व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. पुढे स्वतःचा रबर-प्लास्टिकच्या पट्ट्यांचा कारखाना काढला. ती ट्रॉफी बरीच वर्षं त्याच्या आत्याकडे दार अडवायला होती! माझ्या लेखी हा खरा कॉलेजचा खेळाडू.

आणि त्याच विद्यापीठाने १९३९ला मोठा फुटबॉल बंद करून टाकला. कुलगुरू हचिन्स यांना तो ज्ञानसाधनेच्या आड येतो असं वाटत होतं. तीनच वर्षांनी त्या ओस मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली फर्मींनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. आता ही ज्ञानसाधनाच म्हणायची, पुढे तिचं काय झालं ते सोडा. १९६९ला फुटबॉल परत आला. आज ते डिव्हिजन तीनमध्ये खेळतात, खेळासाठी म्हणून एक डॉलरची स्कॉलरशिप नाही. झकास चाललंय.

टीए_होतो_कधीकाळी

नाव सांगत नाही, पण फुटबॉलवेड्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात मी पीएचडी करताना टीए (शिकवणीतला मदतनीस) म्हणून पहिल्या वर्षाची केमिस्ट्री लॅब घ्यायचो. दोन सत्रं माझ्या बॅचला फुटबॉल संघाचा एक लाइनबॅकर (बचावफळीचा खेळाडू) होता. साडेसहा फुटांचा गडी, लॅबचा गॉगल त्याच्या कपाळावरच अडकायचा. हुशार होता. माझ्याआधी समीकरण तोलून दाखवायचा.

टायट्रेशनच्या दिवशी आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं एकत्र पट्टी मारून बांधलेली. ब्युरेटची तोटी शेवटी थेंबाथेंबाने सोडायची असते, ती त्याला वळेचना. फिकट गुलाबी छटेवर थांबायचं, तर फ्लास्कमध्ये रोझ सरबत. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायला वेळ नव्हता, कारण साडेतीनला सराव आणि त्याच्या आधी पायाला बर्फ. मला म्हणाला, डाव्या हाताने करू का? मी हो म्हटलं. जमलं. रीडिंग लिहून पळत सुटला, वही टेबलावरच राहिली.

पुढच्या सत्रात तो दिसला नाही. कळलं की ॲथलेटिक विभागाच्या सल्लागाराने मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलायला लावलं. लॅब आणि सराव यांची वेळ भिडत होती, आणि जीपीए घसरला तर खेळायची पात्रताच जाते. कागदावर सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. प्रवास, फिजिओ, 'ऐच्छिक' वेटलिफ्टिंग त्यात धरत नाहीत. ऐच्छिक किती असतं ते ज्याने कोच पाहिलाय त्याला विचारा.

म्हणून ३.२ जीपीएची पाटी दिसली की मला आधी वाटतं, कोणत्या विषयातला? सोपे विषय घेऊन ३.९ काढणारा ट्रॉफीच्या यादीत येतो. केमिस्ट्रीत झगडून २.९ काढणारा येत नाही.

बेरकी

टीए, वरचा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवण्यासारखा.

यात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं प्रकरण जोडा. चॅपल हिलला अठरा वर्षं 'पेपर क्लासेस' चालले. वर्ग भरत नाही, शिक्षक दिसत नाही, सत्राअखेर एक निबंध द्या आणि चांगली श्रेणी घ्या. २०१४च्या चौकशी अहवालात ३,१०० विद्यार्थ्यांचा आकडा आला, आणि त्यात खेळाडूंचं प्रमाण त्यांच्या पटावरच्या संख्येच्या कितीतरी पट. २०१७ला एनसीएएने निकाल दिला की आमचा नियम मोडला असं म्हणता येत नाही, कारण ते वर्ग सगळ्यांनाच खुले होते. बोला पुंडलिक वरदे!

आणि ताई, 'माणूस म्हणून कसा जगला' या नियमाचं एवढं कौतुक नको. ओ. जे. सिम्पसन १९८३ला आत गेले. पुढे खुनाच्या खटल्यात काय काय झालं ते जगाने टीव्हीवर पाहिलं, पण हॉलमधलं नाव जागेवरच आहे. त्या नियमाने आत जाताना बघतात, गेल्यावर कोणी बघत नाही.

रानमेवा

एकेकाला उत्तर देते, कुकर लावलाय.

बेरकी, पुरस्कार म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. निवडताना जे माहीत होतं त्यावर निवड झाली.

टीए, तुमचा लाइनबॅकर डोक्यातून जाणार नाही. पण मग मायरन रोल आठवा. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा सेफ्टी, म्हणजे बचावफळीचा खेळाडू. २००८च्या नोव्हेंबरात ऱ्होड्स स्कॉलरशिपची (ऑक्सफर्डला शिकायची) शेवटची मुलाखत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला आणि त्याच दिवशी सामना मेरीलँडमध्ये. मुलाखत दिली, निवड झाल्याचं ऐकलं, विमानाने गेला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये मैदानावर उतरला. एक वर्ष एनएफएल लांबवून ऑक्सफर्डला गेला. आज न्यूरोसर्जन आहे. हा माणूस माझ्या लेकाला दाखवायचा नाही, तर कोणाला दाखवायचा?

टीए_होतो_कधीकाळी

दाखवा की. पण पुढची गोष्टही सांगा. तो ऑक्सफर्डहून परतला तेव्हा त्याला ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत, म्हणजे बरंच उशिरा उचललं. एनएफएलच्या लोकांना शंका होती की याचं मन फुटबॉलमध्ये आहे की नाही. अभ्यास केला म्हणून किंमत उतरली! आणि रोल एकच झाला म्हणून तर आपल्याला त्याचं नाव पाठ आहे.

हळदीकुंकू_एनआरआय

आपल्याकडे दहावी-बारावीला राज्य-राष्ट्रीय खेळाडूंना वाढीव क्रीडा गुण देतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. तेही हेच ना? माझ्या चुलतभावाच्या खो-खोच्या प्रमाणपत्राची पडताळणी...

मधली_सुट्टी

अवांतर होतंय. खो-खोचा वेगळा धागा काढा, तिथे येतो. आमच्याकडेही एक प्रमाणपत्र आहे.

खोडरबर

अवांतर का? फरक महत्त्वाचा आहे. खो-खोच्या पोरांच्या जिवावर कोणी कोट्यवधी कमावत नाही. इथे मिशिगनच्या स्टेडियमात एका शनिवारी लाखाहून जास्त माणसं तिकीट काढून बसतात. कोचला वर्षाला लाखो डॉलर मिळतात. खेळणाऱ्याला काय, तर शिक्षण. आणि त्या शिक्षणाची काय गत ते टीएंनी सांगितलंच.

रेगी बुश बघा. २००५ची हाइसमन. कॉलेजात असताना एजंट लोकांकडून घरच्यांनी लाभ घेतले, म्हणून २०१०ला ट्रॉफी गेली, त्याच्या विद्यापीठाच्या, यूएससीच्या, ३० स्कॉलरशिप कापल्या. २०२१पासून जाहिरातींसाठी नाव-छबी विकायची मुभा सगळ्यांनाच मिळाली. २०२३ला तो हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला, २०२४ला ट्रॉफी परत. तोच माणूस, तीच धाव. नियम बदलला, की पाप धुतलं.

आता खेळाडूंनी केलेल्या हाउस खटल्यात २०२५ला समझोता झाला, त्यानंतर प्रत्येक कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तो पगारच आहे, फक्त 'नोकर' म्हणायचं नाही. बायर्सचा शब्द ७० वर्षांनीही कामावर आहे!

आजोबा६२

आणि त्याच समझोत्यात संघाला १०५ जणांची मर्यादा घातली, त्यात स्कॉलरशिपशिवाय खेळणारी साधी पोरं आधी बाहेर पडली. शिकता शिकता हौसेने खेळणारी तीच होती. तुमच्या न्यायाची किंमत त्यांनी भरली, हेही लिहा.

खोडरबर

लिहिलं असतं, तुम्ही आधी लिहिलंत. हा मुद्दा बिनतोड आहे.

बेरकी

एक गंमत सांगू? कॅम्पबेल ट्रॉफी ज्यांच्या नावाने आहे ते बिल कॅम्पबेल कोलंबियाचे कोच होते. सहा मोसमांत १२ जिंकले, ४१ हरले, एक बरोबरीत. मग फुटबॉल सोडून सिलिकॉन व्हॅलीत गेले, इंट्यूट चालवली, स्टीव्ह जॉब्ससारख्यांचे सल्लागार झाले. हॉलच्या नियमात कोचला जिंकण्याचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास लागतं. म्हणजे ट्रॉफीला नाव देणारा स्वतः कोच म्हणून दारातूनच परत!

रानमेवा

हे मात्र लेकाला सांगितलं, तो खो खो हसला. ४१ हरून नावाची ट्रॉफी.

बरं, मी कुठे हलले ते लिहिते. टीएंचा मुद्दा मला पटला. ट्रॉफी एकाला आणि लॅबची वेळ शंभर जणांची. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या अ‍ॅलस्टन निकालानंतर कॉलेजं अभ्यासातल्या कामगिरीसाठी खेळाडूला वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत देऊ शकतात. त्यापेक्षा खेळ संपल्यावर दोन वर्षं फी माफ करून राहिलेलं मेजर पुरं करू द्या. कोणी केमिस्ट्री सोडली असेल तर परत घेऊ दे. फाउंडेशनने यासाठी पैसा उभा करावा, मी वर्गणी देते.

खोडरबर यांचा मुद्दा पटला नाही. शब्द वकिलाचा असेल, पण जे दोन्ही करून दाखवतात त्यांनी तो खरा केला. त्यांचा मान काढून घेऊन डेनिसनच्या बायकोला काही मिळत नाही.

खोडरबर

मान काढा असं मी कुठे म्हटलं? त्या इमारतीत एक पाटी डेनिसनचीही लावा, एवढंच. तो ऑल-अमेरिकन नव्हता, नियमात बसत नाही, माहीत आहे.

टीए_होतो_कधीकाळी

ताई, दोन वर्षं फी माफ ठीक, पण लॅब दुपारीच राहिली तर आज खेळणाऱ्याला काय उपयोग? आमच्याकडे संध्याकाळी सातची बॅच काढा म्हणून दोनदा अर्ज केला होता. टीए मिळत नाहीत असं उत्तर आलं. मी स्वतः घेतो म्हटलं, तर आठवड्याचे माझे वीस तास भरलेत म्हणाले.

मधली_सुट्टी

तुमचे वीस तास मात्र मोजले.