मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपला कुठली एसएसडी घालू?

मंडळी, फोंड्याहून लिहितोय. घरचा डेस्कटॉप २०१४ चा, चौथ्या पिढीचा इंटेल आय थ्री प्रोसेसर, एच ८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. बटण दाबून चहा ठेवायचा, तो पिऊन झाला तरी विंडोजचं आपलं गोल गोल चालूच, त्यात या पावसात लाइट सारखी जाते म्हणजे दिवसातून तीनदा हेच. आता तर हार्ड डिस्क टक्‌टक्‌ आवाज करायला लागलीय, म्हणून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, घालायचीय.

म्हापशात एका दुकानदाराने एनव्हीएमई (बोर्डावरच्या एम डॉट टू स्लॉटमध्ये बसणारी पट्टीसारखी एसएसडी) गळ्यात मारलीच होती, नशीब घरी येऊन आधी कॅबिनेट उघडलं, बोर्डावर एम डॉट टू स्लॉटच नाही! म्हणजे अडीच इंची साटाच (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची ती) ना? ती सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंतच जाते माहितीय, मला तेवढी खूप झाली.

२५० जीबी पुरेल की ५०० च घेऊ? डीरॅमवाली (स्वतःची छोटी मेमरी असलेली) नसली तर फरक पडतो काय? आणि मुख्य म्हणजे क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करू की विंडोज नव्याने टाकू, कारण बाबांच्या भजनांची सगळी रेकॉर्डिंगं त्या टक्‌टक्‌ डिस्कवरच आहेत. शिवाय कॅबिनेटच्या साडेतीन इंची खाचेत अडीच इंची एसएसडी ढिली बसते, ब्रॅकेट लागतोच की डबल टेपने भागेल? कुणी स्वतः बसवली असेल तर सांगा प्लीज.