बागेतली दिवाळी पहाट: वेळ कोणती, आवाज किती आणि तो मोजायचा कुठे?

मंडळ_सचिव_पुणे (प्रश्न)

महापालिकेच्या बागेत दिवाळी पहाट ठरली आहे. दोन गायक, तबला, हार्मोनियम, बासरी आणि निवेदक. खुर्च्या ४००, वीस-वीसच्या २० रांगा. बाग पूर्व-पश्चिम ९० मीटर, रुंदी ६० मीटर. स्टेज पूर्वेच्या भिंतीपाशी, तोंड पश्चिमेला. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे १२ मीटरवर चार मजली इमारती आहेत, तिथे आजारी माणसं आणि तान्ही बाळंही आहेत. साउंडवाला दोन मोठे टॉप (मुख्य बॉक्स) आणि दोन बेस (खालच्या सुरांचे बॉक्स) लावू म्हणतोय. सुरुवात ५.३० ला करायची आहे. परवानगी मिळाली की पुरे, असं समितीतल्या काहींचं मत. मर्यादा नेमकी किती, आणि ती खुर्चीपाशी धरायची की भिंतीपाशी?

नियम_वाचक

आधी वेळ बदला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही 'रात्र'. त्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक तर नाहीच, २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यंही नाहीत. म्हणजे 'माइक न लावता ५.३० ला सुरू करू' ही पळवाटही बंद. सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार सवलत देऊ शकतं, पण ती रात्री १० ते १२ एवढीच. पहाटेला ती लागू नाही, आणि परवान्याच्या कागदाने हे बदलत नाही. ६ ला सुरू करा. दिवाळीत पुण्यात सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो, पहिली दोन गाणी झुंजूमुंजूतच होतील.

मर्यादा बागेच्या हद्दीवर, म्हणजे भिंतीपाशी. निवासी भागाचं दिवसाचं मानक ५५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. म्हणजे तुम्हाला ६५. 'कायद्यात ७५ आहे' असं जे सर्रास सांगितलं जातं, ते व्यापारी (६५ + १०) आणि औद्योगिक भागापुरतं खरं.

१०० मीटरच्या आत रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल तर तो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर आहे का, हे अर्जाआधी पाहा. जाहीर असेल तर तिथे ध्वनिक्षेपक लावताच येत नाही. परवानग्या दोन: जागेची उद्यान विभागाकडून, ध्वनिक्षेपकाची पोलिसांकडून लेखी. अर्जाला बॉक्सची संख्या आणि दिशा दाखवणारा हाती काढलेला नकाशा जोडा.

ध्वनी_मांडणी

दोन टॉप पुढे ठेवून विसाव्या रांगेपर्यंत पोचायचं, हीच खरी चूक. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो. शेवटच्या रांगेला (बॉक्सपासून २२ मीटर) ८० हवे असतील तर पहिल्या रांगेला, ५ मीटरवर, ९३ बसतात. आणि पश्चिमेच्या भिंतीवर, ८५ मीटरवर, ६८. तिथेच नियम मोडला.

त्याऐवजी लहान बॉक्सच्या दोन जोड्या लावा, १० इंची पुरतात. एक जोडी स्टेजपाशी, दुसरी ११ मीटर पुढे. प्रत्येक जोडीने आपापल्या रांगांना ६ मीटरवर ८० द्यायचे. पश्चिमेच्या भिंतीवर पहिलीचे ५७, दुसरीचे ५८, मिळून ६१ च्या आसपास. श्रोत्याला काहीच कमी पडत नाही. भावगीताला ७५ ते ८० भरपूर झाले.

दुसऱ्या जोडीला डिले द्या, म्हणजे तिचा आवाज किंचित उशिरा सोडा: ११ मीटरला ३२ मिलिसेकंद, वर आणखी १०, म्हणजे ४२. तो न दिल्यास मागच्यांना शब्द दोनदा ऐकू येतात, मग कुणीतरी 'आवाज वाढवा' म्हणतं आणि सगळं गणित फिसकटतं. बॉक्स अडीच मीटर उंचीवर, तोंड खाली झुकवून शेवटच्या रांगांकडे, इमारतींच्या खिडक्यांकडे नाही. दक्षिण-उत्तरेच्या भिंती जेमतेम ३० मीटरवर आहेत, म्हणून बॉक्स आतल्या बाजूला वळवा.

स्टेज पश्चिमेला हलवून इमारतींकडे पाठ करू नका. बॉक्सच्या मागे वरचे स्वर पडतात, खर्ज पडत नाही, आणि भिंतीपर्यंतचं अंतर ८५ वरून ५ मीटरवर येतं.

बेस आणूच नका. मिक्सरवर ७० हर्ट्झखालचं कापा, डग्ग्याचा घुमारा तरीही राहतो. गायकाने माइक तोंडापासून चार बोटांवर धरला की गेन (माइकचा आवाज वाढवणं) कमी लागतो आणि शिट्टीही बसत नाही.

मंडळ_सचिव_पुणे

६ वाजता हे नक्की केलं. पश्चिमेला अशोकाची रांग आहे, तिने आवाज अडेल का? आणि मोबाइलवर मोजलं तर चालेल?

मापन_वही

एका रांगेने आवाज अडत नाही, फक्त स्टेज दिसेनासं होतं. उलट पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता वाकून खाली येतो आणि लांबवर पोचतो. म्हणून ६५ चं नव्हे, ६० चं लक्ष्य ठेवा.

मोबाइल अंदाजापुरता. भाड्याने क्लास २ चा (अचूकतेचा दर्जा) मीटर आणि मीटर तपासायला ९४ डेसिबलचा ठरावीक आवाज देणारा कॅलिब्रेटर घ्या, आधी आणि नंतर जुळवून पाहा. मीटर छातीच्या उंचीवर, फोमची टोपी घालून. भिंतीला टेकवून धरला तर परावर्तनाने ६ पर्यंत जास्त दाखवतो. क्षणाचा आकडा नको, ५ मिनिटांचा लेक् (Leq, तेवढ्या वेळाची सरासरी पातळी) घ्या. सुरू होण्याआधी नुसत्या परिसराचा आकडा लिहून ठेवा: रहदारीचे ६२ आणि कार्यक्रमात एकूण ६५ आले, तर तुमचे ६२ च.

नियमातले आकडे मीटरच्या 'ए' मापनातले, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं तसे धरलेले. त्यात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने कमी धरला जातो. आकडा नियमात आणि खिडकीची काच थरथरतेय, असं त्यामुळेच होतं. मीटर 'सी' वर करा, त्यात खालचे सूर जवळजवळ पुरते धरले जातात. 'ए' पेक्षा १५ हून जास्त दाखवला तर खालचे सूर आणखी कापा.

नियम_वाचक

साउंड चेक आदल्या संध्याकाळी, १० च्या आत. तेव्हाच लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर रोखणारं यंत्र) बसवा आणि मिक्सरवरच्या मास्टरच्या, म्हणजे एकूण आवाजाच्या दांडीशी पट्टी चिकटवून खूण करा. पहाटे ५.१५ चं 'हॅलो, हॅलो, माइक चेक' हेही रात्रीतच मोडतं. जनरेटर लागणार असेल तर सायलेंट खोक्यातलाच (१ मीटरवर ७५ ची मर्यादा त्यालाही आहे) आणि तो पूर्वेच्या टोकाला.