बाईचं पहिलं पिस्तूल: लहान नको, पर्समध्ये नको, दुसऱ्याच्या पसंतीचं नको

गोदातीर:
टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने शस्त्र बाळगायला पात्र असलेल्या व्यक्तीला परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते. तेव्हापासून डॅलस भागातल्या आपल्या बायकांमध्ये हा विषय वरचेवर निघतो. कोणी रात्रपाळीची नर्स असते, कोणी मोटेलच्या काउंटरवर एकटी बसणारी. प्रश्न ठरलेला: "मला एक छोटंसं पिस्तूल घ्यायचंय, कुठलं घेऊ?" मी नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्या बायकांना शिकवायला मदत करते, म्हणून माझं मत मांडते. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

पहिली गोष्ट, "छोटंसं" डोक्यातून काढा. काडतूस तेच आणि बंदूक हलकी, तर सगळा झटका मनगटात येतो. रुगर एलसीपी जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचं आहे. हातात घेतलं की गोड वाटतं, झाडलं की तळहात झणझणतो. स्मिथ अँड वेसनची ६४२ ही पाच गोळ्यांची रिव्हॉल्वरही तशीच: वजन साधारण चारशे ग्रॅम, नळी आखूड, ट्रिगर लांब आणि जड. दुकानात बाई दिसली की काउंटरवर यांतलंच काहीतरी येतं. मग ती एकदा रेंजवर जाते, हात दुखवून घेते आणि परत फिरकत नाही. ज्याचा सराव नाही असं हत्यार उशाशी असणं हे काहीच नसण्यापेक्षा वाईट.

९ मिमी काडतुसाचं, मधल्या मापाचं पिस्तूल घ्या. सिग पी३६५, ग्लॉक ४३एक्स ही त्यातली सरळ नावं. दोन्हींच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, दहा गोळ्या येतात आणि मूठ हातात नीट बसते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढणं जड जात असेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघा. ते .३८० या थोड्या सौम्य काडतुसात २०१८ साली आणि ९ मिमीमध्ये २०२० साली आलं, आणि त्याची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवलेली आहे. पण बोटांत ताकद नाही म्हणून स्लाइड ओढता येत नाही, हे निम्म्या वेळा खरं नसतं. बायका अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरतात आणि हात लांब करून ओढतात. तसं नाही. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी समोर लक्ष्याकडेच. डाव्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडच्या मागच्या भागावर आवळा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. जोर खांद्यातून येतो आणि स्लाइड सरकते.

बऱ्याच रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. तीन-चार झाडून बघितल्याशिवाय एकही विकत घेऊ नका. नवऱ्याने वाढदिवसाला आणलेलं तर नकोच. ते त्याच्या हाताच्या मापाने घेतलेलं असतं.

रिकामं करताना क्रम पाठ हवा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या घरात, डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. उलट केलंत, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर नवं काडतूस चेंबरमध्ये चढलेलं असतं आणि तुमची खात्री असते की बंदूक रिकामी आहे. बाकी नियम जुनेच आहेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्याच्यावर नळी रोखू नका, नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघा.

आणि पर्समध्ये ठेवू नका. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोमधल्या हेडनच्या वॉलमार्टमध्ये एक तरुण आई खरेदीला गेली होती. तिच्याकडे परवाना होता, पर्सही पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली, खास त्याच कामाची होती. पर्स ट्रॉलीत होती आणि दोन वर्षांचा मुलगाही ट्रॉलीत होता. त्याने कप्प्यातून पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. पर्स खाली ठेवली जाते, खुर्चीला अडकवली जाते, हिसकावलीही जाते. पिस्तूल अंगावर हवं, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. ते जमणार नसेल तर बाळगू नका.

मृद्गंध:
एवढं मुद्देसूद लिहिलंस, पण मूळ प्रश्नाला हातच घातला नाहीस. घ्यावंच का?

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी साठ लाख प्रौढांच्या नोंदी तपासल्या, २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या स्त्रियांकडे स्वतःची हँडगन होती, त्यांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण हँडगन नसलेल्या स्त्रियांच्या पस्तीस पट होतं. पुरुषांमध्ये हाच आकडा आठ पटींच्या आसपास. म्हणजे हे "संरक्षण" बाईलाच जास्त महागात पडतं. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. पार्किंग लॉटमधला अनोळखी माणूस सगळ्यांना दिसतो, पण बाळंतपणानंतरचं नैराश्य, नोकरी गेल्यानंतरचा एकटेपणा, परदेशात कोणाशी बोलायला नाही अशी अवस्था, हे आपल्याच बायकांच्या घरात आहे आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. त्या घरात तू पिस्तूल कुठल्या मापाचं असावं ते सांगते आहेस.

गोदातीर:
मृद्गंध, तो अभ्यास मला माहीत आहे. त्यात एक गोष्ट अशी की काही जण जीव द्यायचं ठरवूनच बंदूक विकत घेतात. त्याने आकडा फुगतो.

मृद्गंध:
थोडा फुगत असेल. पण त्याच अभ्यासात बंदूक मालकांमधल्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त खरेदीनंतर एक वर्ष उलटल्यावर झालेले आहेत. म्हणजे घेताना मनात काही नव्हतं, वाईट दिवस नंतर आले, आणि तेव्हा हत्यार हाताशी होतं. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाला दवाखान्यात नेता येतं. बंदूक सहसा तेवढी सवड देत नाही.

कट्यार_नागपूर:
आकड्यांवर मी बोलणार नाही, पण रिव्हॉल्वरला इतकं झटकून टाकणं मला मान्य नाही. माझ्या सासूबाई साठीच्या पुढे आहेत, बोटांत संधिवात. पंजा आवळून स्लाइड ओढायची युक्ती सांगायला ठीक आहे, त्यांच्याकडून होत नाही. रिव्हॉल्वरमध्ये स्लाइडच नाही. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात गोळी अडकली तर घाबरलेल्या माणसाला ती मोकळी करता येईल का? मनगट सैल पडलं की पिस्तूल अडकतं, आणि नवशिक्यांचं मनगट सैलच असतं.

गोदातीर:
संधिवाताचा मुद्दा बरोबर. पण ज्या बोटांना स्लाइड जमत नाही त्यांना ६४२ चा ट्रिगर तरी कसा जमणार? तो ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि तेवढ्यात नेम हलतो. रिव्हॉल्वरच हवी तर वजनदार, पोलादी घ्या, रबरी मुठीची, आणि सौम्य काडतुसं वापरा. अंगावर बाळगायला ती जड होईल, घरात ठेवायला चालेल. सासूबाईंना आधी शील्ड ईझी हातात देऊन बघा, एवढं माझं ऐका.

सुगरण_ऑस्टिन:
अहो, सगळ्यांच्या आधी व्हिसाचं सांगा! एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्यानेच बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. टेक्ससने परवान्याची अट काढली तरी त्याने हे बदलत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही या बंदीत येते, तेव्हा वरचा "भाड्याने घेऊन बघा" हा सल्ला एच-४ वरच्या मैत्रिणीला देऊ नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तरच पुढचं बोलणं. गुन्हा नोंदला गेला तर शिक्षा आणि वर इमिग्रेशन, दोन्ही अंगावर येतं.

अजून एक. परवाना सक्तीचा नाही म्हणून काढायचाच नाही, असं करू नका. फी ४० डॉलर आहे, चार ते सहा तासांचा वर्ग आणि नेमबाजीची चाचणी. शाळेपासून हजार फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यावर फेडरल बंदी आहे, त्यातून राज्याचा परवाना असलेल्यांना सूट मिळते. शहरात गाडी चालवताना आपण दिवसातून किती वेळा त्या हजार फुटांत शिरतो ते नकाशावर बघा. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी नाही. आपली रविवारची मराठी शाळा बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या शाळेतच भरते, गणपतीचा कार्यक्रमही तिथेच होतो. पिस्तूल अंगावर आहे हे विसरून आत गेलात तर तो गंभीर गुन्हा आहे.

आणि न्यू जर्सीच्या नणंदेकडे निघालात तर टेक्ससचा परवाना तिथे चालत नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका बाईने न्यू जर्सीत पोलिसांना आपणहून सांगितलं की गाडीत पिस्तूल आहे, आणि तिला अटक झाली. गव्हर्नरची माफी मिळेपर्यंत २०१५ उजाडलं.

पेठेतली_मीरा:
पुण्यातून वाचते आहे. इथे २०१४ साली कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने खास बायकांसाठी म्हणून "निर्भीक" नावाची .३२ ची रिव्हॉल्वर काढली होती. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या बाईला शेवटच्या बसने घरी जावं लागतं तिच्या वर्षभराच्या पगारात ती बसेल का? तेव्हाही मला हेच वाटलं आणि तुमची चर्चा वाचूनही हेच वाटतं: रस्त्यावर दिवे, वेळेवर बस आणि तक्रार घेणारं पोलीस ठाणं याची जबाबदारी ज्यांची, ते मोकळे सुटतात आणि बाईने स्वतःचं बघावं असं ठरतं.

कट्यार_नागपूर:
मीराताई, दिवे लागेपर्यंत बाईने काय करायचं? १६ ऑक्टोबर १९९१ ला टेक्ससमधल्या किलीनच्या लुबीज कॅफेटेरियात एका माणसाने गोळ्या घालून २३ माणसं मारली. सुझाना ग्रेशिया तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांची रिव्हॉल्वर गाडीत होती, कारण तेव्हा टेक्ससमध्ये ती जवळ बाळगणं बेकायदा होतं. त्या हल्ल्यात त्यांचे आईवडील दोघंही गेले. पुढे त्यांनी जागोजागी साक्ष दिली, १९९५ मध्ये राज्यात परवान्याचा कायदा झाला आणि त्या स्वतः आमदार झाल्या. त्यांना दिव्यांची गोष्ट सांगून बघा.

मृद्गंध:
त्यांच्या दुःखापुढे मी वाद घालणार नाही. पण बाईचा जीव घेणारा बहुतेक वेळा कॅफेटेरियात घुसलेला परका नसतो. तो नवरा असतो, आधीचा मित्र असतो, आणि बंदूक कुठे ठेवली आहे ते त्याला माहीत असतं. स्टॅनफर्डच्याच गटाचा २०२२ चा दुसरा अभ्यास आहे: हँडगन मालकाबरोबर राहणाऱ्या, पण स्वतःकडे बंदूक नसलेल्या माणसांचा खून होण्याचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांपेक्षा दुपटीहून जास्त, आणि घरातच जोडीदाराने गोळी घालून मारल्याचं प्रमाण सात पट. मारले गेलेल्यांत बायकाच जास्त. गोदातीर, मारहाण होणारी बाई तुझ्या वर्गात आली तर तू तिला काय सांगतेस?

गोदातीर:
तिला मी बंदूक आधी सुचवत नाही. आधी घराबाहेर कसं पडायचं ते. १-८००-७९९-७२३३ ही कौटुंबिक हिंसाचारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालते. मग कोर्टाचा संरक्षण आदेश. ज्याच्याविरुद्ध असा आदेश निघतो त्याला बंदूक बाळगता येत नाही, आणि हे सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये टेक्ससच्याच रहिमी खटल्यात कायम केलं आहे. ती वेगळी राहायला लागल्यावर आणि तो पाळत ठेवतोय असं कळल्यावर तिने स्वतःसाठी हत्यार मागितलं, तर मात्र मी तिला नाही म्हणणार नाही. पोलीस येईपर्यंतची मिनिटं तिला एकटीला काढायची असतात. तुझे आकडे अख्ख्या लोकसंख्येचे आहेत. माझ्यासमोर एक बाई उभी असते.

मृद्गंध:
आकड्यांतही एकेक बाईच आहे, गोदातीर. निदान पहिल्या पोस्टमध्ये सगळ्यात वर एवढं लिही, की घरात कोणी निराशेशी झगडत असेल तर बंदूक आणू नका, आणि आणलेली असेल तर ती घराबाहेर ठेवायची सोय करा. होल्स्टरपेक्षा मोठ्या अक्षरांत.

गोदातीर:
लिहिते. तिजोरीचंही त्यातच घालते: अंगावर नसेल तेव्हा कुलपात. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर टेक्ससमध्ये निष्काळजी मालकावर खटला होतो. पण "घेऊच नका" हे मी लिहिणार नाही. ते ठरवायचा हक्क त्या बाईचा आहे.

मृद्गंध:
मग आपलं इथे जमणार नाही. तू लिहिलंस की मी परत वाचेन.

केतकी_सॅन_अँटोनिओ:
वाद थांबला असेल तर दोन प्रश्न. कुर्ता-लेगिंग्जवर पट्टा नसतो, मग होल्स्टर लावायचं कुठे? आणि मला चौथा महिना आहे, रेंजवर गेलं तर चालेल ना?

गोदातीर:
पोटाला गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा मिळतो. पण त्याच्या नुसत्या कापडी खिशात पिस्तूल ठेवू नकोस, ट्रिगर झाकणारं कडक कवच बसवता येईल असाच घे. साडीवर मला आजवर समाधानकारक काही सापडलेलं नाही, साडी नेसले की मी पिस्तूल बाळगत नाही.

रेंजवर आत्ता अजिबात जाऊ नकोस. गोळीबाराच्या धुरात शिसं असतं, ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, आणि कानावरचे मफ तुझे कान झाकतात, बाळाचे नाही. बाळंतपणानंतरही अंगावर पाजत असशील तोवर डॉक्टरांना विचारूनच. पुढे जाशील तेव्हा बंद गळ्याचा टॉप घाल. तापलेली पुंगळी उडून गळ्यातून आत पडते, चटका बसला की माणूस पिस्तुलासकट वळतो आणि नळी शेजारच्या लेनवर फिरते. चटका सोसायचा, नळी समोरच ठेवायची, पिस्तूल खाली ठेवायचं, मग पुंगळी काढायची. घरी आलीस की मुलांना जवळ घेण्याआधी हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवून कपडे बदल.