चर्चच्या आवारात ख्रिश्चन-मुस्लिम शांती प्रार्थना, शेवट कुणाच्या नावानं करायचा?

शाहूपुरीचा_पोरगा:
मंडळी, जरा अडलंय. 2025 ला रमजान 2 मार्चला लागला आणि आमचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस, 5 ला आला, म्हणजे शेजारचे रोजे आणि आमचा उपवासकाळ जवळपास एकदमच, तेव्हापासून गल्लीत बोलणं चाललंय की एक संध्याकाळ दोघांनी मिळून शांतीसाठी प्रार्थना करूया. माणसं तीस-चाळीस, चर्चचं आवार, माईक एकच. पाळकसाहेब तयार, मौलानापण तयार. घोडं अडलंय शेवटच्या वाक्यावर. महिला मंडळातली मावशी म्हणते प्रार्थना 'येशूच्या नावानं मागतो, आमेन' अशीच संपणार. शेजारचे चाचा म्हणतात आमीन आम्हीपण म्हणतो, पण त्या नावानं मागणं आम्हाला जमायचं नाही. भांडण नाही हो, चहा पितापिताच बोलतात, पण हलत कुणीच नाही. मी म्हटलं नाव-बिव न घेता काहीतरी गुळगुळीत लिहू, तर दोघांनी एकदमच माझ्याकडं असं बघितलं की मी गप बसलो. काय करू?

पंचगंगा_काठ:
भावा, एकच प्रार्थना लिहायचा नाद सोड. 27 ऑक्टोबर 1986 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीत असिसीला सगळ्या धर्मांची माणसं बोलावली होती, तिथं पण हाच पेच होता. त्यांनी काय केलं, आधी प्रत्येकानं गावात वेगवेगळ्या जागी आपापली प्रार्थना केली, मग चालत एका चौकात आले आणि तिथं पाळीपाळीनं, एकजण प्रार्थना करतोय तवर बाकीचे शांत. दिवसभर उपास, शेवटी एकत्र जेवण. प्रार्थनेसाठी एकत्र यायचं, पण प्रार्थना एक करायची नाही, एवढाच फरक. मावशीनं येशूच्या नावानंच संपवू दे की! चाचांनी फक्त ऐकायचं, मग मावशीनं चाचांचं ऐकायचं. 8 जून 2014 ला व्हॅटिकनच्या बागेत इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष पेरेस आणि पॅलेस्टाईनचे अध्यक्ष अब्बास शांतीच्या प्रार्थनेला आले होते तेव्हापण तसंच, आधी ज्यू, मग ख्रिश्चन, मग मुस्लिम, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ऑलिव्हचं झाड लावलं.

खजूर_वाटी:
मी मुस्लिम आहे, एक कळकळीचं सांगते. वेळ सांभाळा!! एका ठिकाणी अशाच कार्यक्रमाला गेलेलो, भाषणं लांबली, शाल-श्रीफळ सुरू झालं, सहावा सत्कार चालू असताना अजान झाली. माझ्या आब्बांच्या हातात खजूर, आणि सूत्रसंचालक म्हणतोय फक्त दोन मिनिटं. आब्बांनी त्याच्याकडं बघतबघत खजूर तोंडात टाकला, मला इतकं हसू आलं. तर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या, अर्धा तास आधी सगळं संपवा, वजूला, म्हणजे नमाजआधी हात-पाय-तोंड धुवायला, नळ दाखवा, नमाजला एक स्वच्छ कोपरा द्या. आणि कुराणातला सूरह मरियम हा अध्याय वाचायला सांगा, मावशींना येशूच्या आईची, मरियमची गोष्ट आमच्याकडं पण आहे हे ऐकून बरं वाटेल.

कट्ट्यावरचा:
हे सगळं फोटोपुरतं असतंय राव. 7 जून 2023 ला मोबाईलच्या स्टेटसवरनं आपल्या कोल्हापुरात दगडफेक झाली, बघितलं न्हवं? तेव्हा कुठली प्रार्थना कामाला आली?

पंचगंगा_काठ:
@कट्ट्यावरचा प्रार्थनेनं दगड थांबत नाही, मान्य. पण त्या दिवशी मी ज्याला फोन केला तो नंबर माझ्याकडं होता म्हणून केला, आणि नंबर असल्याच बैठकीत घेतलेला. आणि बाबूजमालच्या दर्ग्याच्या दारावर गणपती असलेल्या गावात आपण एवढं घाबरायचं होय?

कट्ट्यावरचा:
बरं बरं. भाषणं नसतील तर मीपण येतो, पण फोटो काढणार नाही.

शाहूपुरीचा_पोरगा:
मावशीला असिसीचं सांगितलं. म्हणाली, "मग आधी त्यांना करू दे, त्यांचा रोजा आहे." चाचांना सांगितलं तर म्हणतात नाही, घर तुमचं, आधी तुम्ही. आता नवीन घोळ, आधी कोण 😄 खजूर मी आणतोय, तेवढं ठरलं.