दहावीच्या पोरांकडून रासायनिक अभिक्रियांची रिव्हिजन कशी करून घेता?

निफाडची_ताई:
नमस्कार मंडळी. संध्याकाळी घरीच दहावीच्या पोरांचा क्लास घेते, सेमीची आणि मराठी मिडियमची मिक्स आहेत, बहुतेकांच्या घरी द्राक्षबाग. सायन्स पार्ट १ मधला रासायनिक अभिक्रिया व समीकरणांचा धडा दिवाळीआधीच उरकला होता, पण आता प्रिलिम तोंडावर आलीय आणि विचारायला बसले तर समीकरणं घडाघडा म्हणतात पण मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर काय दिसेल विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. बॅलन्सिंगचं तर विचारूच नका, एकाने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा फॉर्म्युलाच बदलला, एएल टू ओ थ्री च्या जागी एएल ओ टू, आणि वर म्हणतो मॅडम झालं बॅलन्स 😭 माझ्याकडे लॅब नाही, वेळही कमी आहे. काय करू?

खडू_डस्टर:
ताई, बॅलन्सिंगचं दुखणं या धड्यातलं नाहीच, ते मागच्या इयत्तेतल्या संयुजा (कुठला अणू किती बंध करतो) आणि मूलकांमधलं (एकत्र वावरणारे, प्रभार असलेले अणुगट) आहे. फॉर्म्युला कुठून येतो तेच माहीत नाही म्हणून पोरं तो हवा तसा वाकवतात. आधी एक दिवस फक्त संयुजांवरून फॉर्म्युले लिहून घ्या. मग माझ्या वर्गातला नियम लावा: फॉर्म्युले पेनाने लिहायचे, पुढचे आकडे पेन्सिलने, आणि खोडायचं ते फक्त पेन्सिलचं. तुमचंच उदाहरण घ्या. ऑक्सिजन डावीकडे २, उजवीकडे ३, लसावि ६. म्हणून ३ ऑक्सिजन, २ ऑक्साइड, आणि मग ॲल्युमिनियम आपोआप ४. लसावि म्हटलं की पोरांना पटकन कळतं, ते गणितात केलेलं असतं. हे जमलं की तापलेलं लोखंड आणि वाफेचं द्या, त्यात ऑक्साइडमध्ये लोखंड ३ आणि ऑक्सिजन ४ असतो, ते सोडवलं तर बाकीची भीती जाते.

मागचा_बाक:
प्रयोग वगैरेच्या नादी लागू नका आता, वेळ जातो. मी दोन वर्षांपूर्वीच दहावी दिली, रोज पाच समीकरणं लिहायची, प्रकार ओळखायचा, विषय संपला.

बागवाला:
भाऊ, लिहिणं पाहिजेच, पण ताईंची पोरं लिहितातच की, अडतात ती "काय दिसेल" ला. ताई लॅब नाही म्हणता, अहो पोरांच्या घरी फवारणीच्या ड्रमात अख्खा धडा आहे! बुरशीसाठी बागेवर फवारतो ते बोर्डो मिश्रण आठवा. एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा (न विझवलेला) चुना आणि १०० लिटर पाणी. आता बघा, चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, बादली हाताला चटका देते, वाफा निघतात. ही संयोग अभिक्रिया आणि वरून उष्मादायी. मोरचुदाचं निळं पाणी चुन्याच्या निवळीत मिसळलं की आकाशी रंगाचा गाळ तयार होतो, ते दुहेरी विस्थापन, म्हणजे दोन संयुगं आपापसात भाग बदलतात (खरं रसायन जरा किचकट आहे पण दहावीपुरतं चालतं). आणि मग आमच्याकडची जुनी खूण, विळा किंवा लोखंडी पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवायचं, त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. तो थर म्हणजे विस्थापन, लोखंडाने तांब्याला पाण्यातून बाहेर काढलं! मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचं नाही असं आमचे वडील सांगायचे ते याच्याचमुळे. राहिलं अपघटन, तर कळीचा चुनाच मुळात चुनखडी भट्टीत भाजून करतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. अजून काय पाहिजे?

निफाडची_ताई:
बागवाले दादा 🙏 हे डोक्यातच आलं नव्हतं, पातं बुडवताना तर मी कितीदा बघितलंय. पण पोरं नक्की विचारणार, चुना वाढवला की थर चढायचा का थांबतो?

खडू_डस्टर:
कारण चुना पुरेसा असेल तर तांबं गाळात अडकतं, पाण्यात मोकळं राहतच नाही, मग लोखंड बाजूला सारणार कुणाला? प्रश्न असाच पोरांना विचारा, उत्तर देऊ नका लगेच.
बागवाले भाऊंनी भारी सांगितलं, फक्त एक, चुना पोरांच्या हातात देऊ नका, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. तो तुम्ही विझवा, उघड्या बादलीत, झाकण लावून अजिबात नाही, पोरं लांब उभी. मोरचूदही विषारी आहे, चमचाभर काचेच्या ग्लासात पुरतं, स्वयंपाकाचं भांडं नको. खिळा आधी पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर गंजामुळे काही दिसत नाही आणि पोरं म्हणतात पुस्तक खोटं आहे. अर्धा तास ठेवा. खिळ्यावर तांबूस थर येतो, निळा रंग फिका होऊन हिरवटाकडे झुकतो. बघितलेलं आधी आपल्या भाषेत लिहून घ्या, मग शब्दांत समीकरण, मग फॉर्म्युले. उलटं केलं की परत पाठांतरच होतं.

मागचा_बाक:
ओके हे बोर्डोचं मलापण माहीत नव्हतं 😅 माघार. पण प्रकार ओळखायची प्रॅक्टिस घ्याच ताई, विस्थापन आणि दुहेरी विस्थापनात निम्मा वर्ग गोंधळतो.

निफाडची_ताई:
घेते. चुना मीच विझवणार, मोरचूद कुणाच्या तरी घरून चमचाभर मागवते. ऑक्सिडीकरण-क्षपण पण याच खिळ्यावर उरकता येईल का?

खडू_डस्टर:
आरामात. लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले, त्याचं ऑक्सिडीकरण. ते तांब्याच्या आयनाने घेतले, त्याचं क्षपण. दोन्ही एकदमच, म्हणून रेडॉक्स. खिळा फेकू नका, नंतर क्षरणाला (गंजण्याच्या भागाला) कामाला येईल.