नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून एम.ए. : आठवड्याला दहा तास पुरतील का?

शाईचा डाग
इतिहासात एम.ए. करायचंय, दूरशिक्षणातून. पदवी विज्ञानाची आहे, निबंधवजा उत्तरं लिहायची सवय अजिबात नाही. नोकरीमुळे आठवड्याला दहा तासांच्या वर वेळ निघणार नाही. तीन प्रश्न: दहा तासांत जमतं का? माहितीपत्रकात नेमकं काय तपासायचं? आणि मार्गदर्शक समोर नसताना लघुप्रबंध कसा लिहितात?

मोजपट्टी
जमतं, पण दोन वर्षांत नाही. क्रेडिटवरून, म्हणजे अभ्यासाच्या तासांच्या मापावरून, हिशेब करा. ब्रिटनमध्ये एम.ए. १८० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे १० तास, म्हणून एकूण १८०० तास. युरोपातलं क्रेडिट २५ ते ३० तासांचं. भारतातल्या मुक्त विद्यापीठांत क्रेडिटमागे ३० तास धरतात, म्हणजे ८० क्रेडिटच्या अभ्यासक्रमाला २४०० तास.

आता आठवड्याला १० तासांनी भागा. १८०० तासांना १८० आठवडे, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं. २४०० ला साडेचारच्याही वर. दोन वर्षांतच उरकायचं तर अनुक्रमे १७ आणि २३ तास लागतात. हे कागदावरचे तास झाले, विषयाची तोंडओळख असेल तर कमी लागतात. तुम्हाला निदान पहिलं वर्ष कमी लागणार नाहीत. सैद्धांतिक लेखाची २५ पानं टिपणं काढत वाचायला अडीच-तीन तास सहज जातात.

म्हणून माहितीपत्रकात आधी कमाल मुदत बघा. किमान मुदत सगळेच ठळक छापतात. कमाल मुदत चार वर्षांची असेल आणि तुमचा हिशेब साडेचारचा येत असेल, तर शेवटचे पेपर पुनर्नोंदणीत अडकतात.

दुसरं, मान्यता. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं वेगळं आणि तोच विषय, दूरशिक्षण पद्धतीने, तुमच्या प्रवेशाच्या सत्रासाठी मान्य असणं वेगळं. नियामक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची यादी बघा आणि तारखेसकट ते पान जपून ठेवा. पुढे नोकरीत किंवा पीएच.डी.च्या प्रवेशात हाच कागद मागतात.

तिसरं, स्वाध्याय आणि सत्रांत परीक्षा यांत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं का, ते. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. परीक्षेत ६५ मिळाले तरी स्वाध्याय राहिला तर पेपर अपूर्णच दिसतो. स्वाध्यायाचे प्रश्नही अनेक ठिकाणी दर सत्राला बदलतात. जुन्या प्रश्नांची उत्तरं पाठवली की ती तपासलीच जात नाहीत.

समासातला
वरच्या हिशेबात भर घालतो. दहा तास सलग रविवारी काढू नका. दीड-दीड तासाची चार सत्रं वाचनाला आणि चार तासांचं एक सत्र लिखाणाला, असं तोडा. वाचन तुकड्यांत होतं, लिखाण होत नाही.

विज्ञानाकडून येणाऱ्यांची खरी अडचण उत्तराच्या घडणीत असते. समजा प्रश्न आहे: ‘फ्रेंच राज्यक्रांती मूलतः आर्थिक कारणांनी झाली, या मताची चिकित्सा करा.’ सवयीने उत्तर येतं ते असं: युद्धांमुळे वाढलेलं कर्ज, सदोष करपद्धती, १७८८ चं बुडालेलं पीक, महागलेला पाव. चार मुद्दे, सगळे बरोबर, आणि गुण जेमतेम. कारण ‘चिकित्सा करा’ म्हणजे कारणं मोजा नव्हे, त्या मताला तोलून बघा. पिकं त्याआधीही बुडाली होती, मग क्रांती १७८९ मध्येच का? कर वाढवण्याचा प्रश्न प्रतिनिधित्वाचा प्रश्न कसा झाला? इथे उत्तराला धार येते. पहिल्याच परिच्छेदात तुमची भूमिका एका वाक्यात सांगा आणि प्रत्येक परिच्छेद तिला धरून ठेवा.

स्वयंअध्ययन पुस्तिका हा पाया समजा. फक्त तिच्यातूनच उतरवलेलं तपासणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं, त्याच्यापुढे तशा वह्यांचा गठ्ठाच असतो. एका स्वाध्यायाला पुस्तिकेबाहेरचे निदान तीन लेख वाचा.

तळटीप
लघुप्रबंधाबद्दल. ब्रिटिश पद्धतीत तो बहुधा ६० क्रेडिटचा, म्हणजे ६०० तासांचा असतो. तुमच्या गतीने एक वर्ष आणि वर दोन महिने. काही ठिकाणी त्याऐवजी पेपर घेता येतो. पीएच.डी.चा विचार असेल तर ही पळवाट घेऊ नका.

विषय आवडीवरून ठरवतात आणि तिथेच फसतात. आधी साधनं बघा, मग विषय. ‘दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रिया’ हा विषयच नव्हे, ते ग्रंथालयातलं एक कपाट आहे. एक वृत्तपत्र, एक वर्ष, त्यातल्या स्त्रियांना उद्देशून आलेल्या जाहिराती, आणि त्या वर्षाचे सगळे अंक घरबसल्या उघडता येतात याची खात्री. आता विषय झाला. साधनं डिजिटल नसतील तर विषय सोडा, नंतर मिळतील या आशेवर नोंदणी करू नका.

मार्गदर्शकाला ‘थोडं बोलायचं होतं’ अशी मेल पाठवू नका, उत्तर येत नाही. दोन पानं जोडा आणि दोनच नेमके प्रश्न विचारा. पुढच्या मेलमध्ये त्यांनी आधी काय सुचवलं होतं आणि तुम्ही काय बदललं, हे तीन ओळींत लिहा. त्यांच्याकडे आणखी वीस जण असतात, तुमचा धागा तुम्हालाच हातात धरून ठेवायचा आहे.

शाईचा डाग
कपाटाचं पटलं! पण लेख मिळवायचे कुठून? दरवेळी पैसे भरा म्हणतात.

तळटीप
प्रवेशाआधीच विचारा: दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला ई-ग्रंथालयाचं लॉगिन मिळतं का, आणि घरून चालतं का? नसेल तर जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं काढा, महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांसाठी इंटरनेट अर्काइव्ह. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, फुकट आहे. पान क्रमांक मात्र टिपण काढतानाच लिहा, नंतर एका अवतरणाचं पान शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

मोजपट्टी
आणि पदवीवर ‘दूरशिक्षण’ छापलं तर कमीपणा येतो का, हा प्रश्न पुढे येईलच म्हणून आधीच सांगतो. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा खुल्या केल्या. शिका कुठेही, कसोटी आमची, अशी ती रीत. मुलाखतीत विचारतात ते लघुप्रबंधाबद्दल.